पंचगंगेच्या दगडावरचे काचेचे करंडे: फेज कॉन्ट्रास्टने डायटमचे फोटो

फेज कॉन्ट्रास्टचा संच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाला जोडून पारदर्शक जीव काळे-पांढरे दाखवणारं साहित्य, घरी आला की पहिल्या रात्री जवळपास सगळे एकच करतात. स्लाइड लावतात, मोबाइल आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, टेकवतात आणि फोटो काढत सुटतात. मीही तेच केलं. हाती काय लागलं, तर राखाडी धुकं आणि त्यात पांढऱ्या कडांच्या काही सावल्या. मोबाइलच वाईट असं ठरवून मी पंधरा दिवस त्याच्याशी भांडत बसले. गडबड दुसरीकडेच होती: कव्हरस्लिपखालच्या (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेखालच्या) पाण्यात आणि कंडेन्सरमधल्या (स्लाइडखालच्या, प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगांमधल्या) कड्यात. म्हणून या लेखात कॅमेरा उशिरा येईल, आणि थोडाच येईल.

डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल, पण घर काचेचं. पेशीभोवती सिलिकाचं कवच असतं. त्याचे दोन भाग, एक तळ आणि त्यावर किंचित चढून बसलेलं झाकण. कुंकवाचा करंडा डोळ्यांसमोर आणा. मराठीत यांना करंडक म्हणतात ते उगाच नाही. करंडा जसा वरून वेगळा आणि बाजूने वेगळा दिसतो, तसाच डायटमही. एकाच जातीची दोन रूपं बघून नवखा माणूस दोन नावं देऊन मोकळा होतो, तेव्हा जपून.

कोल्हापूरला या विषयात जुना मान आहे. एच. पी. गांधी या संशोधकांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर परिसरातल्या डायटमांचा बारकाईने अभ्यास केला. पन्हाळगडावरच्या डायटमांवरचा त्यांचा शोधनिबंध १९५९ साली परदेशी नियतकालिकात छापून आला. आपण पन्हाळ्याला झुणका-भाकरी खायला जातो, हे गृहस्थ तिथून बाटल्या भरून आणत होते.

फेज कशासाठी लागतं

पाण्याचा वक्रीभवनांक (प्रकाश किती मंदावतो आणि वळतो त्याचा आकडा) १.३३, डायटमच्या कवचाचा १.४४ च्या आसपास. म्हणजे काच पाण्यात बुडालेली, दोन्ही पारदर्शक. प्रकाश कवचातून जाताना शोषला जात नाही, फक्त जरासा मागे पडतो. हे मागे पडणं डोळ्यालाही कळत नाही आणि कॅमेऱ्यालाही. साखरेचा पाक पाण्यात ओतलात तर पाकही स्वच्छ, पाणीही स्वच्छ, तरी क्षणभर रेघा हलताना दिसतात ना? प्रकाशाची वाट किंचित बदलते म्हणून त्या दिसतात. सूक्ष्मदर्शकात तसलाच फरक पकडून त्याचं काळं-पांढरं करायचं असतं.

डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ झेर्निके यांनी १९३० च्या दशकात ही युक्ती काढली. कंडेन्सरमध्ये एक कडं बसवायचं, म्हणजे प्रकाश फक्त त्या कड्यातून वर येतो. ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगाच्या, आत त्याच मापाचं दुसरं कडं असतं. ते या सरळ आलेल्या प्रकाशाला मंद करतं आणि पाव तरंगलांबीने पुढे-मागे सरकवतं. डायटममुळे वळलेला प्रकाश मात्र बहुतेक त्या कड्याच्या बाहेरून जातो. पुढे दोघांची गाठ पडली की मागे पडल्याचा फरक उजेड-अंधार होऊन उमटतो. झेर्निके ही कल्पना घेऊन १९३२ साली जर्मनीतल्या झाईसच्या कारखान्यात गेले, तेव्हा तिथल्या एका ज्येष्ठ माणसाने सुनावलं की याचा उपयोग असता तर आम्हीच कधीचं शोधलं असतं. १९५३ साली त्याच शोधासाठी झेर्निकेंना नोबेल मिळालं.

यातून एक गोष्ट पक्की धरा. दोन कडी एकमेकांवर तंतोतंत बसली तरच फेज. नाही बसली तर तुम्ही महागड्या ऑब्जेक्टिव्हमधून वाईट साधं चित्र बघताय.

नमुना कुठून आणायचा

पावसाळ्यात पंचगंगेवर जाण्यात अर्थ नाही. पुराचं पाणी दगड घासून नेतं. पाणी ओसरून घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्या तरी तीन-चार आठवडे थांबा, दगडावर नवा थर धरायला तेवढा वेळ लागतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उत्तम. प्रयाग चिखलीच्या संगमाजवळ किंवा घाटाच्या वरच्या अंगाला वाहत्या पाण्यातला मूठभर आकाराचा दगड उचला. हिरवे तंतू दिसले तर सोडून द्या. आपल्याला हवा तो तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा थर. डायटममध्ये हरितद्रव्याबरोबर फ्युकोझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं, त्याने तो सोनेरी-तपकिरी होतो. दगड पांढऱ्या ट्रेमध्ये धरून टूथब्रशने घासा आणि थोड्या पाण्यानिशी बाटलीत भरा. दर ठिकाणी नवा ब्रश घ्या, नाहीतर पन्हाळ्याच्या बाटलीत रंकाळा तलावाचे पाहुणे निघतील. हातमोजे घाला. नदीत काय काय सोडलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) भीती खोटी नाही.

रंकाळ्यावर दोन गोष्टी करा. जलपर्णीची मुळं बाटलीत पिळा, म्हणजे मुळांना चिकटलेले डायटम मिळतात. त्यात गॉम्फोनेमा बहुधा असतोच, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. दुसरी गोष्ट माझ्या विशेष आवडीची. काठच्या चिखलाचा वरचा दोन मिलिमीटरचा थर चमच्याने हलकेच उचला आणि घरी बशीत पसरा. त्यावर लेन्स पुसायचा पातळ कागद ठेवा, कागदावर कव्हरस्लिप, आणि बशी रात्रभर खिडकीत. सकाळी उजेडाच्या ओढीने चालणारे डायटम चिखलातून वर सरकतात, कागदातून पार होतात आणि कव्हरस्लिपला येऊन चिकटतात. चिखल खाली राहतो. नऊच्या सुमाराला चिमट्याने कव्हरस्लिप उचलून सरळ स्लाइडवर ठेवायची. इतका स्वच्छ आणि जिवंत नमुना गाळून, धुऊनही मिळत नाही. फेजला स्वच्छता फार लागते, कारण मातीचा प्रत्येक कण स्वतःभोवती पांढरं वलय घेऊन बसतो.

बाटली पाऊण रिकामी ठेवा आणि झाकण सैल. खिडकीत ठेवा, पण उन्हात नको. दोन-तीन दिवस मंडळी सुखात राहतात. बाटलीवर जागा आणि तारीख पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई ओल्या हाताने पुसली जाते, हे मी तीन बाटल्यांनंतर शिकले.

थेंब किती

इथे जरा थांबते, कारण निम्मे फोटो इथेच बिघडतात.

ड्रॉपरचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा. बावीस मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली तो पसरला की पाण्याचा थर होतो सुमारे १०० मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डायटमची जाडी पाच-दहा मायक्रॉन. म्हणजे घरभर पाणी आणि त्यात तळाशी पडलेली एक वाटी. वर-खाली तरंगणारा कचरा धूसर होऊन चित्रावर पसरतो. शिवाय पाणी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ झालं तर ते पाचरीसारखं काम करतं आणि प्रकाश तिरका वळवतं. मग जुळवलेली कडीसुद्धा सरकतात.

थेंब हवा १० मायक्रोलिटरचा, म्हणजे थर वीस मायक्रॉनचा होतो. मायक्रोपिपेट नसेल तर औषधाच्या दुकानातून १०० युनिटवाली इन्सुलिन सिरिंज आणा. तिचं एक युनिट म्हणजे बरोबर १० मायक्रोलिटर. ४० युनिटवाली आणाल तर हिशोब चुकेल, तिचं एक युनिट २५ मायक्रोलिटर असतं. वाळूच्या कणाने सुई तुंबते, म्हणून बाटली हलवून मिनिटभर थांबा आणि मधलं पाणी ओढा. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून हळू खाली सोडा. बुडबुडा राहिला तर दुसरी स्लाइड करा, तो ढकलत बसू नका. कडेला आलेलं पाणी टीपकागदाने टिपा आणि चारी बाजूंनी व्हॅसलीन लावा, नाहीतर एप्रिलच्या उकाड्यात दहा मिनिटांत स्लाइड सुकते.

कव्हरस्लिपची जाडी ०.१७ मिलिमीटर असायला हवी. ऑब्जेक्टिव्हवर हा आकडा कोरलेला असतो. दुकानात दीड नंबरची मागा.

संच घेताना

ऑब्जेक्टिव्हवर १६० (नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) लिहिलंय की अनंताचं चिन्ह आहे, ते आपल्या मायक्रोस्कोपशी ताडून बघा. मी पहिला संच घेतला तेव्हा विक्रेत्याने "सगळ्याला बसतं, मॅडम" असं सांगितलं. बसलं खरं, कारण आटे तेच होते. पण अनंताचे ऑब्जेक्टिव्ह १६० च्या नळीवर लावल्यावर चित्र कधीच धारदार येईना. परत करायची मुदत संपल्यावर मला कारण कळलं.

सुरुवातीला १०एक्स आणि ४०एक्स (दहा आणि चाळीस पट मोठं दाखवणारे) एवढे दोन ऑब्जेक्टिव्ह पुरेत. १००एक्सला तेल लागतं आणि फार धीर लागतो. संचात कड्यांची फिरती तबकडी असलेला कंडेन्सर, कडी सरकवायचे दोन स्क्रू किंवा चाव्या, आणि मध्य जुळवायची छोटी दुर्बीण आहे ना, ते पाहून घ्या. हिरवा फिल्टर असेल तर सोन्याहून पिवळं.

कड्यावर कडं

आधी तबकडी साध्या, म्हणजे कडं नसलेल्या खाचेवर ठेवा. १०एक्सने कोणतीही स्लाइड फोकस करा. दिव्यावरचा डायफ्रॅम, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणारा पडदा, बंद करत आणा, म्हणजे मधोमध उजेडाचा छोटा तुकडा दिसेल. कंडेन्सर वर-खाली करून त्या तुकड्याची कड धारदार करा. कंडेन्सरचे मध्य-स्क्रू फिरवून तो बरोबर मधे आणा. मग डायफ्रॅम उघडा, दृश्याच्या कडेबाहेर जेमतेम जाईल इतकाच. ही कोहलरची पद्धत, १८९३ सालची. आजही तिच्याशिवाय गाडी हलत नाही. काही साध्या मायक्रोस्कोपांवर दिव्याचा डायफ्रॅमच नसतो. तिथे कंडेन्सर जवळजवळ वरच्या टोकाला ठेवून चालवा.

आता ४०एक्स लावा आणि तबकडी ४० च्या कड्यावर फिरवा. कंडेन्सरचा स्वतःचा डायफ्रॅम पूर्ण उघडा. साध्या प्रकाशात तो अर्धा मिटायची हाताला सवय असते. फेजमध्ये तो मिटला तर कडंच कापलं जातं आणि आपण दिवसभर स्क्रू फिरवत बसतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत हे एकच वाक्य आहे: डायफ्रॅम उघडा आहे का?

एक आयपीस काढा आणि तिथे मध्य जुळवायची दुर्बीण घाला. तिचा पुढचा भाग आत-बाहेर करून ऑब्जेक्टिव्हमधलं काळपट कडं स्पष्ट करा. त्याच्या आसपास एक उजळ कडं दिसेल, बहुधा बाजूला सरकलेलं, ग्रहणात चंद्र सूर्यावर अर्धवट यावा तसं. दोन्ही स्क्रू थोडे-थोडे फिरवून उजळ कडं काळ्यावर आणा. बांगडीवर बांगडी ठेवल्यासारखं, कुठेही चंद्रकोर उरता कामा नये. केसाएवढी कोर उरली तरी तेवढा प्रकाश मंद न होता थेट वर येतो आणि पार्श्वभूमी पांढुरकी करतो. उजळ कडं आकारानेच लहान किंवा मोठं दिसलं तर तबकडीवरचा आकडा चुकलाय, किंवा कंडेन्सरची उंची. दुर्बीण नसेल तर मोकळ्या नळीत मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, काम भागतं.

हे जुळवताना स्लाइडवरची रिकामी जागा समोर ठेवा, पण स्लाइड तीच. दर ऑब्जेक्टिव्हला परत तपासा. दर नव्या स्लाइडला एक नजर टाका. पाच सेकंद लागतात.

आयपीस परत लावलात की राखाडी आकाशात काळसर होड्या चालताना दिसतील. पहिल्यांदा ते दिसतं तेव्हा फोटो काढायचं भान राहत नाही. त्यात वाईट काही नाही, बघून घ्या.

काय दिसेल, काय दिसणार नाही

४०एक्सच्या ऑब्जेक्टिव्हचा एनए (बारीक तपशील दाखवण्याची क्षमता सांगणारा आकडा) साधारण ०.६५ असतो. हिरव्या प्रकाशात तो अंदाजे ०.४२ मायक्रॉन अंतरावरच्या दोन रेघा वेगळ्या दाखवतो, याहून बारीक नाही. पिन्युलेरियाच्या मोठ्या जातींत कवचावर दहा मायक्रॉनमध्ये आठ-दहाच रेघा असतात, त्या मोजून दाखवता येतात. घाणीच्या पाण्यात हमखास सापडणाऱ्या निट्झशिया पालेआच्या रेघा मात्र दहा मायक्रॉनमध्ये २८ ते ४०. त्या या ऑब्जेक्टिव्हला सापडणार नाहीत. हट्ट धरून फोटो मोठा करत बसलात तर नुसता दाणा मोठा होईल.

भरपाई म्हणून फेज दुसरं काही देतं. जिवंत पेशीत हरितलवकांच्या पट्ट्या, मधलं केंद्रक, तेलाचे चकचकीत थेंब आणि कवचाच्या मधोमध धावणारी फट दिसते. या फटीतूनच चिकट द्रव सोडत डायटम सरकतो. कवचाभोवतीचं पांढरं वलय हा फेजचा अंगभूत दोष आहे, कॅमेऱ्याचा नाही. हिरव्या फिल्टरने चित्र सुधारतं. मग तो फोटो कृष्णधवल करून टाका, हिरवा कोणाला दाखवू नका.

आता कॅमेरा

मोबाइल पुरतो. आयपीसवर तो हलता कामा नये, एवढंच. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे धारक ढिले पडतात. मी आयपीसच्या बाहेरून बसेल अशी ॲल्युमिनियमची नळी उद्यमनगरात लेथवर करून घेतली. वर्कशॉपमधल्या मामांनी आयपीसला व्हर्नियर लावला आणि विचारलं, "घट्ट बसवू का सरकतं ठेवू, मॅडम?" सरकतं, मी म्हणाले. कारण मोबाइलची लेन्स आयपीसपासून ठरावीक अंतरावर आली तरच पूर्ण गोल दिसतो. जवळ किंवा लांब गेली की कडेने काळोख येतो. "आणि हे कशाला?" "शेवाळाचा फोटो काढायला." मामा हसले, पण दहा मिनिटांत नळी हातात दिली. ती मी जुन्या मोबाइलच्या साध्या मागच्या कव्हरला चिकटवली. बाबूराव पेंटर यांनी ज्या गावात स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला, तिथे एवढी नळी न मिळाली तरच नवल.

मॅन्युअल नियंत्रण देणारं ॲप घ्या. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) सगळ्यात कमी आणि दोन सेकंदांचा टायमर. फोकस मोबाइलचा कुलूपबंद करून मायक्रोस्कोपने करायचा. शटरचा हिशोब सोपा आहे: डायटम सेकंदाला दहा मायक्रॉन सरकत असेल तर १/५० सेकंदात ०.२ मायक्रॉन जातो. चालणाऱ्यांसाठी १/१०० किंवा जलद ठेवा. फेजमध्ये उजेड कमी पडतो, म्हणून दिवा वाढवा. एलईडी मंद ठेवला तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. पार्श्वभूमी मध्यम राखाडी यायला हवी. ती पांढरी होऊ लागली की वलयातले तपशील गेले म्हणून समजा.

आमचं घर मंगळवार पेठेतलं, लाकडी माडीचं. खालून केएमटीची बस गेली की चित्र नाचतं. रात्री अकरानंतर काम करते आणि मायक्रोस्कोपखाली जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा ठेवते.

४०एक्सला एकावेळी जेमतेम एक-दीड मायक्रॉन खोली स्पष्ट असते. स्थिर डायटमचे बारीक फोकस अर्धा-एक मायक्रॉन सरकवत सात-आठ फोटो काढून जोडता येतात. त्यासाठी हेलिकॉन, झेरीन किंवा फुकट मिळणारं पिकोले, कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. फेजच्या फोटोंत मात्र प्रत्येक थराचं वलय जमा होत जातं. तेव्हा थर मोजके घ्या आणि जोडलेल्या फोटोत नवीन रेघ दिसली तर मूळ फोटोत ती आहे का ते ताडा. मी एकदा अशी रेघ बघून नवी जात सापडल्याच्या आनंदात दोन दिवस होते.

त्याच बैठकीत रिकाम्या जागेचा एक फोटो काढून ठेवा. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोला त्याने भागलं की लेन्सवरची धूळ आणि कोपऱ्यातली सावली निघून जाते. शिवाय स्टेज मायक्रोमीटरचा एक फोटो काढा. एक मिलिमीटरचे शंभर भाग, प्रत्येक भाग दहा मायक्रॉनचा. त्यावरून मोजपट्टी काढा. नुसतं "४०० पट" लिहून काही कळत नाही, कारण फोटो कोण केवढ्या पडद्यावर बघेल ते आपल्या हातात नाही.

फेज कधी काढून ठेवायचं

कवचावरची नक्षी हवी असेल तर आतला जीव जाळून काढावा लागतो. प्रयोगशाळेत त्यासाठी तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. घरी ते करू नका. नमुना डिस्टिल्ड पाण्यात चार-पाच वेळा निवळून घ्या, एक थेंब कव्हरस्लिपवर सुकवा आणि जुन्या लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर तासभर ठेवा. खिडकी उघडी असू द्या. तपकिरी डाग आधी काळा पडतो, मग राखट पांढरा. थेट ज्योतीवर धरलीत तर कव्हरस्लिप पापडासारखी वळते. तो तवा परत भाकरीला वापरायचा नाही, आमच्या घरात यावरून एक लढाई झालेली आहे.

ही भाजलेली कवचं हवेत कोरडी बसवली की फेज कामाचं नाही. हवा १ आणि काच १.४४, फरकच इतका मोठा की फेज सगळ्याचं वलयात भजं करतं. नॅफ्रॅक्ससारख्या जास्त वक्रीभवनांकाच्या माध्यमात बसवली तरी साधा प्रकाश पुरतो. अशा वेळी तबकडी मोकळ्या खाचेवर आणा, कंडेन्सरचा डायफ्रॅम दोन-तृतीयांश उघडा ठेवा आणि फोटो काढा. संपल्यावर डायफ्रॅम परत पूर्ण उघडून ठेवा, उद्या सकाळी बशीतली कव्हरस्लिप वाट बघत असेल.